पेट्रोलची गळती

मांजरसुंब्याचा घाट चढून लिंबागणेशास भालचंद्राच्या दर्शनासाठी निघालेल्या मोटारीत पेट्रोलचा वास येऊ लागला, तर दर्शनास थोडा उशीर झालेला बरा. गाडीखाली ओल नाही, म्हणून गळतीही नाही, असे मानणे घातक होय. पेट्रोल पाहता पाहता उडून जाते. त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळे खालीच साचते आणि शून्याखाली 40 अंशांच्या थंडीतही ठिणगीने पेट घेते. मग मराठवाड्यातील वैशाखाची कथा काय सांगावी!

प्रथम एंजिन बंद करून सर्वांना दूर उतरवावे; आसपास विडीकाडी नको. एंजिन निवल्यावर टाकीपासून निघालेल्या नळीच्या प्रत्येक जोडावर कोरडे फडके फिरवावे. ओल किंवा धूळ धरून बसलेला डाग दिसेल, तेथे दोष. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर तो भरण्याच्या नळीपाशी शोधावा. बहुधा रबरी नळीच चिरलेली सापडते. 2025 साली देशभर मिळू लागलेल्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्याने फुगते. अशी नळी बदलावीच; चिकटपट्टी टिकत नाही. नव्या गाड्यांत एंजिन बंद केल्यावरही नळीत दाब राहतो, म्हणून ती मिस्त्रीनेच सोडवावी.

टाकीच्या बारीक छिद्रावर साबण चोळण्याची ड्रायव्हर मंडळींची युक्ती खोटी नव्हे, कारण साबण पेट्रोलात विरघळत नाही. पण ती मिस्त्री येईपर्यंतच. रिकाम्या टाकीला मात्र कोणी तशीच झाळू लागला, तर त्यास थांबवावे. वाफेने भरलेली रिकामी टाकी भरल्या टाकीहून अधिक भयंकर असते.