स्विच २: खरी कमाई पडद्यात नाही
निन्टेन्डोचा ‘स्विच २’ हा गेमिंग कन्सोल ५ जून २०२५ला बाजारात आला आणि चर्चा ७.९ इंची पडद्याभोवतीच फिरत राहिली. माझ्या मते त्याचं खरं बळ जॉय-कॉनमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना लागणाऱ्या सुट्या कंट्रोलरमध्ये आहे. जुने जॉय-कॉन वरून खाचेत सरकवावे लागायचे; नवे चुंबकानं टक्कन बसतात, मागचं बटण दाबलं की सुटतात आणि टेबलावर कडेवर उभे धरले की चक्क माउस होतात. नेमबाजीच्या खेळांना याचा मोठा फायदा.

जुन्या स्विचच्या २०२१च्या मॉडेलला ओलेड पडदा होता, इथे पुन्हा एलसीडी का, हा आक्षेप रास्तच आहे. काळा रंग तितका गडद दिसत नाही. पण ७२० पीऐवजी १०८० पी मिळाल्यानं बारीक अक्षरं स्पष्ट वाचता येतात. बॅटरीची बाजू मात्र घेता येत नाही: कंपनीच्याच अंदाजानं २ ते ६.५ तास, ओलेड मॉडेलचे ४.५ ते ९. लांबच्या प्रवासात पॉवर बँक हवीच.