एका वहीतील बारा पाने

आमच्या दिवाणखान्यातील फडताळात एक साधी, दोनशे पानी वही आहे. तिची बाराच पाने भरली आहेत. प्रत्येक पानावर तिकीट वा पत्रिका डकवलेली असून तिच्याखाली घरातील पाचही जणांनी एकेक ओळ लिहिली आहे. गेल्या वर्षी आम्ही पाहिलेली नाटके, प्रदर्शने आणि चित्रपट यांची ही नोंद.

या वहीचा आरंभ मात्र आनंदातून झालेला नाही. त्याआधीच्या दिवाळीनंतर माझे सासरे गेले. सासूबाई सकाळी मंदिरात जाऊन येत, जपमाळ घेऊन खिडकीशी बसत आणि विचारल्याखेरीज बोलत नसत. आम्ही चौघे आपापल्या कामांत आणि आपापल्या मोबाइलमध्ये. घरात भांडण नव्हते; एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा ह्यांनी सुचवले, "महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून बाहेर पडायचे. काय पाहायचे, ते आळीपाळीने एकेकाने ठरवायचे." एका वडीलधाऱ्या आप्तांनी स्पष्टच म्हटले, "वर्ष तरी होऊ द्यायचे होते!" त्यांचे म्हणणे गैर नव्हते. मलाही ते टोचत होतेच.

म्हणून जानेवारीत नाटक टाळून आम्ही पुण्यातीलच राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीला हा संग्रह वाहिला आहे. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये अशा घरोघरच्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या. सासूबाई दिव्यांसमोर बराच वेळ थांबल्या. परतताना म्हणाल्या, "दुःखाचे त्यांनी केवढे घर बांधले!" कित्येक आठवड्यांनी त्या आपणहून बोलल्या होत्या.

फेब्रुवारीत मुलाची पाळी आली. त्याने निवडले 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. लक्ष्मण देशपांडे यांनी लिहिलेल्या आणि वर्षानुवर्षे स्वतःच रंगवलेल्या या प्रयोगात एकच नट 52 पात्रे उभी करतो. देशपांडे यांच्या पश्चात संदीप पाठक तो सादर करतात. प्रेक्षागृह खदखदत होते. सासूबाईही मोकळेपणाने हसल्या आणि लगेच त्यांनी पदर तोंडाशी धरला. रात्री मला हळूच विचारले, "हसले मी. ह्यांना काय वाटले असेल गं?" विनोदी नाटकांची सर्वाधिक हौस सासऱ्यांनाच होती. "आई, बाबांनी तुमच्याआधी टाळी दिली असती," एवढेच मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी वहीत त्यांनी थरथरत्या अक्षरांत लिहिले, "नाटक चांगले होते."

मे महिन्यात निवड त्यांची होती. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले, 'संगीत शारदा'. त्यांचे माहेर सांगलीचे. 1843 साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले ते याच गावी, आणि 'शारदा'चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे जवळच्याच हरिपूरचे. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप देवलांनी 1899 साली रंगमंचावर आणला. नात म्हणाली, "म्हणूनच त्या कायद्याला शारदा कायदा म्हणतात ना?" मी सांगितले, "नाही. 1929 चा बालविवाह प्रतिबंधाचा तो कायदा हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नावांतले साम्य योगायोगाचे."

त्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या थोरल्या आत्यालाही दुप्पट वयाच्या बिजवराला दिली होती." मग तासभर त्या आत्याबद्दल बोलत राहिल्या. त्यांच्या मुलानेही हे पूर्वी कधी ऐकले नव्हते. नाटकाने नवे काही शिकवले असे नव्हे. आमच्याच घरातील एक मिटलेले दार त्याने उघडले.

चातुर्मासात सासूबाईंचे नेम असतात. तेव्हा आम्ही नाटके सोडून दिवसा चित्रप्रदर्शने पाहिली. एरवीही सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाला रात्रीचा प्रयोग अडचणीचाच होतो. दुपारचा साडेबाराचा प्रयोग आम्हांला सोयीचा पडला. सर्वच निवडी साधल्या असेही नाही. एका चित्रपटाला मध्यंतरातच आम्ही उठलो. त्या पानावर पाचही जणांनी एकच शब्द लिहिला आहे: "कंटाळा." पण त्या कंटाळ्यावरही आठवडाभर गप्पा झाल्या.

डिसेंबरात प्रभातचा 1936 सालचा 'संत तुकाराम' पाहिला. दामले-फत्तेलाल यांचा हा कृष्णधवल चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला होता. मोबाइलवर जलद दृश्ये पाहण्यास सरावलेला मुलगा त्या संथ गतीत बसेल का, अशी शंका होती. तो बसला. घरी आल्यावर आजीला म्हणाला, "तुकाराम देवाकडे बघतो, पण घर चालवते ती जिजाई." आजी-नातवाचा वाद रात्री उशिरापर्यंत चालला.

दुःखाच्या वर्षात बाहेर पडलो, हे योग्य की अयोग्य याचा निवाडा ज्याने त्याने करावा. आमचा अनुभव इतकाच, की घरातले मौन घरात बसून सुटले नाही. एकाच वस्तूकडे पाचही जणांनी मिळून पाहिले, तेव्हा एकमेकांकडे पाहणे सोपे झाले. गेल्या शनिवारी सासूबाईंनी वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिरातींचे पान माझ्यापुढे सरकवले. एका जाहिरातीभोवती पेन्सिलीचे वर्तुळ होते. म्हणाल्या, "या महिन्यात पाळी कोणाची, ते नंतर बघू. आधी तिकिटे काढ."