पत्र्यावरचे दगड आणि भिंतीतली खुंटी

मुलांनो, हिंगोली, कळमनुरी, औंढा या भागात फिरताना तुम्ही पत्र्याची घरे पाहिली असतील. पत्र्यांवर ओळीने काळे दगड मांडलेले असतात. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ही युक्ती. पण २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने लोकांना हेच दगड खाली उतरवायला सांगितले. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. हादऱ्याने दगड घरंगळला तर तो खालच्या माणसावर पडतो. मग दगड काढावेत, तर वादळाचे काय?

थोडा हिशेब करू. वाऱ्याचा वेग मीटर दर सेकंदास घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. म्हणजे दाब न्यूटन दर चौरस मीटर असा मिळतो. वेग २५ मीटर (ताशी ९० किलोमीटर) असेल तर दाब ३७५ येतो. छप्पर ३ मीटर बाय ४ मीटरचे असेल आणि वारा त्याला एवढ्याच दाबाने वर ओढत असेल, तर एकूण बल होते ४५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४५० किलो वजनाइतके. पंधरा किलोचे पंधरा दगड ठेवले तरी २२५ किलोच भरतात. त्यात पत्र्याचे साठ-सत्तर किलो मिळवले तरी हिशेब जुळत नाही. दगडांनी धोका तर वाढवला आणि काम अर्धेच केले!

गंमत अशी की हवे तेवढे वजन घरातच आहे. २३ सेंटिमीटर जाडीच्या वीटभिंतीचा एक मीटर लांब, एक मीटर उंच तुकडा चारशे किलोंच्या पुढे भरतो. फक्त तो पत्र्याला जोडलेला नाही. पत्रा वाशाला आणि वासा भिंतीला पक्का बांधला, तर वाऱ्याला भिंतही उचलावी लागेल.

पण लाकूड भिंतीला जोडायचे कसे? लाकडात खिळा ठोकला की तंतू बाजूला सरतात आणि त्याला दोन्हीकडून आवळतात. त्या दाबामुळे घर्षण निर्माण होते व खिळा निघत नाही. वीट किंवा सिमेंटचा ठोकळा ठिसूळ. तो दबत नाही, त्याचा भुगा होतो. खिळ्याभोवती पोकळी उरते आणि खिळा हातानेही निघतो. म्हणून सुतार आधी भोक पाडून त्यात लाकडी खुंटी ठोकतो आणि स्क्रू खुंटीत पिळतो. स्क्रू आत जाईल तशी खुंटी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाबली जाते. पुन्हा घर्षणच! प्लास्टिकचा प्लगही हेच करतो. खुंटी मात्र चांगली वाळलेल्या लाकडाची हवी. ओली असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात आक्रसून सैल होते. भोकातला भुगाही फुंकून काढावा, नाहीतर खुंटी भुग्यावरच घसरते.

हे फळ्या आणि खुंट्यांपुरते झाले. छपरासाठी एवढ्यावर भागत नाही. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत बोल्ट पुरला तर तो वरचे दोन दगड घेऊन उपटून येईल. तिथे भिंतीच्या माथ्यावर सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा ओतावा आणि तो ओला असतानाच वाकवलेले बोल्ट त्यात रोवावेत. पोकळ ठोकळ्यांची भिंत असेल तर ठोकळ्याची कड जेमतेम तीन सेंटिमीटर जाड असते आणि साधा प्लग पलीकडच्या पोकळीत लोंबतो. बोल्ट यायचा ती पोकळी काँक्रीटने भरून घ्यावी. गवंड्याला हे आधीच सांगावे, भिंत उभी राहिल्यावर नव्हे!

आता घरातली फळी पाहा. तिच्यावर भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर २० किलो धान्याचा डबा आहे. खालच्या लोखंडी कोनाचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर असेल, तर त्याला बाहेर खेचणारे बल २० × १५ ÷ १० म्हणजे ३० किलो वजनाइतके होते. कोन उलटा बसवून तो स्क्रू २० सेंटिमीटरवर नेला, तर तेच बल १५ किलोवर येते. डबा तोच, खुंटीही तीच. पट्टी घेऊन तुमच्या घरातल्या कोनाची लांब बाजू भिंतीला आहे की फळीला, ते मोजून पाहा. अंथरुणाच्या वर फळी असेल तर आजच पाहा.