गवताचे पक्षी (५) : गोल्डियन फिंच

गोल्डियन फिंच हा उत्तर ऑस्ट्रेलियाच्या सॅव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानात, राहणारा पक्षी. आपल्याकडच्या मुनियांच्याच कुळातला, लांबीला जेमतेम १३-१४ सेंटिमीटर. पाठ हिरवी, छाती जांभळी, पोट पिवळे, डोक्यामागून गळ्याभोवती आणि शेपटीच्या मुळाशी निळा रंग. शेपटी काळी असून तिची मधली पिसे निमुळती होत टोकदार होतात.

अंगावर एवढे रंग असलेला पक्षी ओळखायला अवघड जाऊ नये, आणि नर जातही नाही. मादीत हेच रंग फिके असतात. छातीवरचा जांभळा तर फारच पुसट. वीण सुरू झाली की तिची चोच काळपट होते, ही आणखी एक खूण. फसवतात ती त्या वर्षीची पिल्ले. राखाडी डोके, शेवाळी पाठ, मळकट पोट, रंगाचा मागमूस नाही. लांब शेपटीचा फिंच आणि मुखवट्याचा फिंच हे शेजारी त्याच पाणवठ्यावर उतरतात. पण पहिल्याच्या गळ्यावर काळा डाग असतो आणि दुसऱ्याचा चेहरा काळा असतो. दोन्ही खुणा नसलेला, शेवाळी पाठीचा पक्षी बहुधा गोल्डियनचे पिल्लू निघतो. कोरड्या हंगामात या पक्ष्यांना रोज पाणी लागते, त्यामुळे सकाळी पाणवठ्याजवळ थांबणे हीच त्यांना पाहण्याची खात्रीची रीत.

डोक्याचा रंग मात्र एकच नसतो. रानात सुमारे तीन चतुर्थांश पक्षी काळ्या डोक्याचे असतात. उरलेले जवळपास सगळे लाल डोक्याचे, आणि पिवळ्या डोक्याचा एखादा काही हजारांत सापडतो. जुन्या अभ्यासकांना या वेगवेगळ्या जाती वाटल्या होत्या. प्रत्यक्षात ही एकच जात असून तिन्ही रंगांचे पक्षी आपसात जोड्या जमवतात. काळा की लाल हे ठरवणारे जनुक लिंगगुणसूत्रावर असते, आणि लाल काळ्यावर मात करतो. पिवळ्याचे जनुक निराळ्या गुणसूत्रावर असून ते आई आणि बाप या दोघांकडूनही यावे लागते. काळ्या डोक्याखाली हे दुहेरी पिवळेपण झाकले जाते, पण चोचीचे टोक लालऐवजी पिवळे होऊन ते उघड करते.

इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गोल्ड याने १८४४ मध्ये या पक्ष्याला आपल्या पत्नीचे, एलिझाबेथचे, नाव दिले. ती १८४१ मध्येच वारली होती. गोल्डच्या पुस्तकांतली शेकडो चित्रे तिच्या हातची आहेत, तेव्हा हा मान केवळ पत्नी म्हणून मिळाला असे म्हणता येत नाही.

या पक्ष्याचे जगणे कळण्यासाठी रंग बाजूला ठेवून गवताचे वेळापत्रक पाहावे लागते. बहुतेक बीजभक्षी पक्षी पिल्लांना किडे भरवतात. गोल्डियन मात्र पिल्लेही जवळजवळ बियांवरच वाढवतो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे ज्वारीची जंगली भावंडे असलेली वार्षिक गवते. पुरुषभर उंचीच्या या गवतांचे दाणे पावसाळ्याच्या अखेरीस चिकात येतात, आणि वीण त्याच सुमारास सुरू होते. पुढे कोरड्या हंगामात पक्षी जमिनीवर गळलेले दाणे टिपतात. खरी उपासमार होते ती पहिल्या पावसानंतर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमीन भिजली की पडलेले सारे दाणे एकदम रुजतात. रान हिरवेगार होते आणि खायला काही उरत नाही. अशा वेळी टेकड्यांवरचे थवे खाली उतरून बहुवार्षिक गवतांच्या मागे फिरतात. स्पिनिफेक्स आणि काकाटू ग्रास ही त्यांतली महत्त्वाची. जिथे अशी चार-सहा गवते आलटून पालटून दाणे धरतात तिथेच हा पक्षी वर्ष काढू शकतो.

घरट्याच्या बाबतीत तो आळशीच म्हणावा लागेल. निलगिरीच्या झाडाची ढोली सापडली की तीत काडीकचरा फारसा न घालता मादी अंडी घालते. ढोलीतल्या अंधारात पिल्लांच्या तोंडाच्या कडांवर निळसर चमकदार गाठी दिसतात. त्या स्वतः उजळत नाहीत. बाहेरून आलेला थोडासा प्रकाश परावर्तित करतात, आणि आईबापांना चोच कुठे न्यायची ते कळते.

एके काळी क्वीन्सलँडपर्यंत पसरलेला हा पक्षी आता मुख्यतः किंबर्ली आणि नॉर्दर्न टेरिटरीत उरला आहे. पिंजऱ्यासाठी झालेली पकड हे एक कारण सांगितले जाते. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये पक्ष्यांची व्यापारी निर्यात थांबवली, आणि मुंबई-पुण्याच्या बाजारात दिसणारे गोल्डियन पिंजऱ्यातच वाढवलेल्या पिढ्यांचे आहेत. श्वासमार्गातल्या माइट या सूक्ष्म परजीवीचाही संशय घेतला गेला. पण जास्त वजन वणव्यांना द्यावे लागते. पूर्वी आदिवासी समाज हंगामाच्या सुरुवातीला लहान लहान तुकडे जाळत. ती रीत मोडल्यावर कोरड्या हंगामाच्या शेवटी मोठे, प्रखर वणवे पेटू लागले. त्यांत ढोल्यांची झाडे जातात आणि बहुवार्षिक गवतांना पुढच्या पावसात दाणा कमी धरतो. काकाटू ग्रास गुरांनाही आवडते, म्हणून जिथे चराई भारी असते तिथे ऐन टंचाईच्या दिवसांतला दाणा पक्ष्यांआधी गुरांच्या तोंडी जातो. संवर्धनाचे आजचे काम त्यामुळे पक्षी सोडण्यापेक्षा आग लवकर व थोडी थोडी लावणे आणि गुरे आवरणे यावर अधिक चालते.