सही करण्याआधी सातबारा वाचा
(कम्युनिटी रेडिओवरील भाषण)

गटाच्या कर्जाचा अर्ज भरताना 'स्वतःच्या नावावर जमीन किंवा घर आहे का?' हा प्रश्न आला की आपल्यातल्या बऱ्याच जणी 'नाही' म्हणून मोकळ्या होतात. पेरणीपासून काढणीपर्यंत राबतो आपण, पण जमीन सासऱ्यांची, नवऱ्याची, नाहीतर भावाची. मग आपला हक्कच नाही, की हक्क आहे आणि कागदावर फक्त नाव नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज तेवढं नीट समजून घेऊ.

आधी तीन शब्द. जमीन जो कसतो, त्याचा ताबा. सरकारी दप्तरात जिचं नाव, तिची नोंद. आणि कायद्यानं जिचा हक्क, तिची मालकी. तिन्ही एकाच माणसाकडे असतील असं नाही. मालकी येते खरेदीखतानं, बक्षीसपत्रानं, मृत्युपत्रानं, वाटणीनं किंवा वारशानं. सातबारा मालकी देत नाही. पण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे त्यावरची नोंद, चुकीची आहे असं सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. म्हणजे नाव नसलं तरी हक्क मरत नाही, पण तो सिद्ध करायचं ओझं आपल्या डोक्यावर येतं. शिवाय पीककर्ज असो की पीएम किसानचा हप्ता, विचारलं जातं ते खातेदाराचं नाव.

आता सातबारा हातात घ्या. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात तो मिळतो. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत काढता येतो. वरचा भाग गाव नमुना सात, म्हणजे जमीन कोणाची. खालचा नमुना बारा, म्हणजे पीक कोणतं. आपण वरचा बघायचा. तिथं भोगवटादाराचा, म्हणजे खातेदाराचा रकाना असतो. नाव तिथं पाहिजे. बाजूला 'इतर अधिकार' असा रकाना असतो. पूर्वी विधवेचं आणि मुलींचं नाव पुष्कळदा तिथंच ढकललं जायचं. त्या रकान्यात नाव असेल तर 'नाव लागलंय' म्हणून गप्प बसू नका. एखाद्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटा मालक नाही. त्याच्या नावामागे बाकीच्यांचे हिस्से असतात.

मग हिस्सा किती? हिंदू वारसा कायदा, 1956 हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. समजा एका माणसाची स्वकष्टाची चार एकर जमीन आहे. मृत्युपत्र न करता तो वारला. मागे बायको, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. वाटे चार आणि सगळे सारखे, प्रत्येकाला एक एकर. त्या माणसाची आई हयात असेल तर तिचाही एक वाटा, म्हणजे वाटे पाच. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. विधवेनं पुढे दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा परत जात नाही. आणि हिस्सा नुसता पोटापुरता नाही, ती त्याची पूर्ण मालकीण.

वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क आहे. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी हा हक्क लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी कायदेशीर वाटणी झाली असेल तर ती बदलत नाही. मुस्लीम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारशाचे नियम वेगळे आहेत. आदिवासी समाजालाही हा कायदा सरसकट लागू नाही. त्या बहिणींनी वकिलाला वेगळं विचारावं.

घरात मृत्यू झाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं. इथंच 'बहिणींची नावं कशाला?' म्हणून ती गाळली जातात. नोंद पक्की होण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. नोटीस सासरच्या पत्त्यावर आली तर ती वाचल्याशिवाय सही करू नका. नाव गाळलेलं दिसलं तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांताकडे अपील करता येतं.

आता सगळ्यात नाजूक कागद, हक्कसोडपत्र. भाऊ सांगतो, 'ताई, नुसती सही कर, वारसाचं काम अडलंय.' खरं म्हणजे वारस नोंदीला हक्क सोडावा लागत नाही. नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्रावर सही केली की हिस्सा गेला, आणि तो परत मिळवणं फार अवघड. फसवून सही घेतली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. दुय्यम निबंधकाकडे गेल्यावर तिथं विचारा, 'हा कागद कशाचा? वारस नोंदीचा, वाटणीचा की हक्कसोडीचा?' तोंडी 'मला नको' म्हटल्यानं किंवा नोटरीच्या कागदानं मात्र जमिनीचा हक्क सुटत नाही.

'हिस्सा मागितला तर माहेर तुटेल' ही भीती खोटी नाही. भाऊबीजेला कोण बोलावणार, हा विचार मनात येतोच. भावाची परिस्थिती बघून एखादी बहीण हक्क सोडेल, तो तिचा अधिकार आहे. पण एका साडीच्या बदल्यात, काय सोडतोय हे न कळता सोडू नका. सगळं सोडायचं किंवा सगळं घ्यायचं, एवढे दोनच रस्ते नाहीत. नाव राहू द्या, जमीन भावाला कसू द्या. उद्या तुमच्यावर वेळ आली तर आधार राहील.

नवरा हयात असतानाही नाव लागू शकतं. त्याच्या संमतीनं पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना 1992 पासून आहे. चौकशी तलाठी किंवा तहसील कार्यालयात करा. घराचा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. त्यावर दोघांची नावं लावून घ्या. पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मागा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा.

वकिलाच्या खर्चाची काळजी नको. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात जा किंवा 15100 वर फोन करा.

पुढच्या मासिक बैठकीला बचतीच्या पासबुकाबरोबर प्रत्येकीनं सासरचा आणि माहेरचा सातबारा आणावा. वाचता येणारीनं न येणारीला वाचून दाखवावा. आपलं नाव आहे का, कोणत्या रकान्यात आहे, एवढंच आधी बघू.