औषधशाळेतला विद्यार्थी आणि संगणक

बारावीचा निकाल लागला की आमच्या तुळजापूरकडच्या पुष्कळ घरांत एक वाद सुरू होतो. मुलगी म्हणते, मी संगणक शिकणार. वडील म्हणतात, औषधाची पदवी घे, चार वर्षांनी गावात मेडिकल तरी टाकता येईल. असा वाद ज्यांच्या घरी चालला असेल त्यांनी, आणि त्यांच्या मुलांच्या गुरुजींनीही, पुढचे चार शब्द सवडीने वाचावेत. या दोन विद्या एकमेकींच्या सवती आहेत असे आपण धरून चालतो. जीवशास्त्राच्या संशोधनात मात्र त्या आता एकाच घरात नांदतात. त्या कशा नांदतात, ते पाहू.

आई भवानीच्या दारातली कवड्यांची माळ आपण सर्वांनी पाहिली आहे. आपल्या शरीरातले, किंवा रोगजंतूच्या शरीरातले, प्रथिन म्हणजे अशीच एक माळ समजा. तिच्यात वीस जातींचे मणी असतात. कोणत्या मण्यामागे कोणता मणी यायचा, हे त्या जीवाच्या पेशीत चार अक्षरांच्या लिपीत लिहून ठेवलेले असते. ही माळ सरळ लोंबत राहत नाही, बरं का. मुठीत धरून चुरगळावी तशी ती स्वतःभोवती वळते, आणि बहुतेक प्रथिने आपापल्या ठराविक आकारातच वळतात. त्या गुंडाळीत खाचा राहतात. पुष्कळशा प्रथिनांचे काम अशा खाचेत चालते, आणि पुष्कळशी औषधे नेमकी त्या खाचेत जाऊन बसतात व ते काम बंद पाडतात.

आता क्षयाचा जंतू घ्या. त्याची सारी लिपी 1998 साली वाचून झाली. ती भरली सुमारे 44 लाख अक्षरे, आणि तिच्यात सुमारे 4 हजार प्रथिनांची कृती सापडली. अक्षरे तर हाती आली, पण यांतले कोणते प्रथिन काय काम करते, हे पुष्कळांच्या बाबतीत कळेना. पोथी मिळाली, पण अर्थ सांगणारा शास्त्री नाही, अशी गत झाली.

या ठिकाणी आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांची गोष्ट येते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने 2008 साली क्षयावरील औषधांसाठी एक खुली मोहीम काढली. तिच्यात 2010 साली ‘कनेक्ट टू डीकोड’ नावाचा उपक्रम झाला. महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी आपापल्या गावी बसून, संगणकावरून एकमेकांशी जोडून घेऊन काम केले. काम काय होते? छापून आलेले शोधनिबंध वाचायचे, आणि एकेका प्रथिनाचे काम काय व त्याचा कोणाशी संबंध, हे ठराविक रीतीने टिपून ठेवायचे. तलाठ्याने गावच्या जमिनीचा सातबारा लिहावा, तसलेच हे चिकाटीचे काम. 2012 साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. 1434 प्रथिने आणि त्यांच्यामधले 2575 संबंध यांचा नकाशा तयार झाला होता. मग संगणकाला विचारले, की यांतली कोणती प्रथिने अशी आहेत की ती बंद पाडली तर जंतूचा संसारच कोलमडेल, आणि माणसाला मात्र होता होईल तो कमी उपद्रव होईल? उत्तरात 17 नावे आली. त्यांपैकी 5 आधीच प्रयोगशाळेत खरी ठरलेली होती, म्हणून उरलेल्या 12 कडे लक्ष देण्यात अर्थ होता. अर्थात नाव हेरणे म्हणजे गोळी हाती येणे नव्हे. मधे कित्येक वर्षांचे प्रयोग असतात.

इथे कोणी म्हणेल, की मग हे संगणकवाल्यांचेच काम झाले. औषधशास्त्र कशाला हवे? त्याचे उत्तर क्षयाच्या एका गोळीतच आहे. आयसोनियाझिड हे औषध 1952 पासून वापरात आहे. आपल्या गावात ज्यांनी क्षयाचा उपचार पुरा केला, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात ते गेलेले आहे. समजा, नुसता संगणक शिकलेल्या मुलाने या औषधाचा रेणू घेतला आणि जंतूच्या ज्या प्रथिनावर ते अखेर काम करते त्याच्या खाचेत पडद्यावर बसवून पाहिला. संगणक बहुधा सांगेल, की बैठक ढिली आहे, या औषधात दम नाही. संगणकाचे गणित चुकलेले नसेल, प्रश्नच चुकीचा विचारला गेला असेल. कारण गोळीतले औषध जसेच्या तसे त्या खाचेत बसतच नाही. जंतूच्या शरीरातले दुसरे एक प्रथिन आधी त्याला जागे करते. मग त्याचा एक तुकडा जंतूच्याच एका पदार्थाला चिकटतो, आणि ती जोडी खाचेत घट्ट बसते. जंतूच्या भिंतीला लागणारा मेणासारखा पदार्थ तयार होणे थांबते, आणि जंतू मरतो. जागे करणाऱ्या प्रथिनाचा दुवा 1992 साली सापडला, आणि खाचेत बसलेल्या जोडीचे चित्र 1998 साली मिळाले. म्हणजे गोळी आधी 46 वर्षे गुण देत होती! जागे करणारे ते प्रथिनच बिघडले तर औषध झोपलेलेच राहते आणि जंतू दाद देत नाही. आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या क्षयाचे हे एक मोठे कारण आहे. औषधाचे शरीरात काय होते, ते कशात बदलते, यकृताला काय सोसावे लागते, हे औषधशाळेत शिकवतात. ज्याला हे ठाऊक आहे तोच संगणकाला नीट प्रश्न विचारू शकतो.

असल्या कामाला परदेशीच जावे लागते, असेही नाही. पुणे विद्यापीठात अशोक कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर यांनी 1990 साली एक रीत प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या माळेतला कोणता भाग आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा ओळखेल, हे नुसत्या मण्यांच्या क्रमावरून सांगण्याची ती रीत आहे. तिचा अंदाज सुमारे 75 टक्के वेळा बरोबर येतो, असे त्यांनी दाखवले. लस शोधणारांना कोठून सुरुवात करावी, हे त्यातून कळते. रीत अगदी साधी आहे, आणि माझ्या मते तिची खरी थोरवी तीच.

आता व्यवहाराचे. औषधनिर्माणशास्त्राची पदवी चार वर्षांची. बारावीला भौतिक व रसायन हवेतच, आणि त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र चालते. 2017 पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात गणितवाल्याला जीवशास्त्राची आणि जीवशास्त्रवाल्याला गणिताची उजळणी दिलेली आहे. दुसऱ्या सत्रात संगणकाचा विषय आहे, आणि शेवटच्या सत्रात संगणकाच्या साहाय्याने औषधरचना हा ऐच्छिक विषय घेता येतो. एवढ्यावर भागत नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. पायथन नावाची आज्ञावलीची भाषा मुलाला वेगळी शिकावी लागेल. प्रथिनांच्या आकारांचा जागतिक संग्रह 1971 साली अवघ्या 7 आकारांनी सुरू झाला. आज त्यात 2 लाखांहून अधिक आकार आहेत आणि तो सर्वांना फुकट पाहता येतो. खाचेत रेणू बसवून पाहण्याची साधनेही फुकट मिळतात. खर्च लागतो तो संगणकाचा, आणि त्याहून अधिक वेळेचा.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. माणसाच्या इन्सुलिनमध्ये 21 आणि 30 मण्यांच्या दोन माळा असतात. पुठ्ठ्याच्या 51 चकत्या कापून त्यांवर मण्यांची अक्षरे लिहावीत आणि त्या दोऱ्यात ओवाव्यात. शेजारी डुकराच्या व गाईच्या इन्सुलिनच्या माळा मांडाव्यात. डुकराच्या माळांत एकाच मण्याचा फरक आहे, गाईच्या माळांत तीन मण्यांचा. मुले तो चटकन शोधतील. मग दुसऱ्या दिवशी एका माळेतला मधलाच एक मणी गुपचूप काढून घ्यावा. आता तिथून पुढचा जवळजवळ प्रत्येक मणी चुकलेला दिसेल, आणि कोठे जागा सोडली म्हणजे पुढचे सारे पुन्हा जुळेल, हे मुलांना हुडकावे लागेल. हेच कोडे यंत्राकडून सोडवून घेण्याची रीत 1970 साली नीडलमन आणि वुन्श यांनी प्रसिद्ध केली. 51 चकत्यांना शाळेचा एक तास पुरतो. क्षयाच्या जंतूच्या 4 हजार माळा अशा हाताने जुळवायच्या तर किती तास लागतील, हा हिशेब मुलांनाच फळ्यावर मांडायला सांगावा.