पाण्यावर उभी वाळू

जून महिन्याची दुपार आहे. चपला हातात घेऊन मी वाळूची टेकडी चढते आहे, आणि पाय भाजत नाहीत. ऊन डोळ्यांवर आदळतंय, तळव्यांना मात्र गारवा लागतोय. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानातली ही वाळू पांढरीशुभ्र आहे, कारण ती गारगोटीची नाही, जिप्समची आहे.

जिप्सम पाण्यात विरघळतं, म्हणून त्याची वाळू जगात क्वचितच दिसते. पण तुलारोसाच्या या खोऱ्यातून एकही नदी समुद्राकडे जात नाही. पाऊस आणि बर्फाचं पाणी डोंगरातलं जिप्सम इथेच आणून सोडतं. पश्चिमेकडचं लुसेरो तळं आटलं की तळाशी स्फटिक उरतात. ते झिजून फुटतात आणि नैऋत्येचा वारा त्यांचा चुरा इकडे लोटतो. असं सातशे चौरस किलोमीटरांहून मोठं रान तयार झालंय.

माथ्यावर पोचते. पश्चिमेला सॅन आंद्रेसची निळसर डोंगररांग आहे. वारा धारेवरचे दाणे पलीकडे ढकलतोय. टेकडी माझ्या देखत सरकते आहे. शेजारी युकाच्या झाडाचा फक्त शेंडा वर दिसतो. वाळू चढेल तसं त्याचं खोड उंच वाढतं. त्याच्या सावलीतून एक पांढुरका सरडा निसटतो. मागच्या उतारावरून मुलं प्लॅस्टिकच्या तबकड्यांवर बसून ओरडत घसरतायत.

दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर उतरते. इथली जमीन घट्ट, करडी आहे. तळहात टेकवला की ओल लागते. भूजल इथे अगदी वर, दीड-दोन हातांवर आहे. ही ओलच दाणे धरून ठेवते. पाणी खोल गेलं तर सपाटी सुटी होईल आणि वारा ती उडवून नेईल.

1933 पासून या वाळूला संरक्षण आहे. 2019 मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पण उद्यानाच्या हद्दीत खोऱ्याचा फक्त एक भाग येतो. वाळूला सावरणारं पाणी त्या हद्दीबाहेरच्या डोंगरांतून येतं आणि साऱ्या खोऱ्याखाली पसरलेलं आहे. या टेकड्या टिकवायच्या असतील, तर राखण पाण्याची करायला हवी, आणि तीही अख्ख्या खोऱ्यात.